टाकलेला दगड आणि बसवलेला दगड

स्ताना ग्रुबिशाच्या हातांना आमच्या दोलाक गावात जेवढा मान आहे तेवढा पाद्रीबाबांच्या झग्यालाही नाही, आणि हे पाद्रीबाबांनाही ठाऊक आहे. हात काही देखणे नाहीत. बोटं सांध्यांशी वाकलेली, उजव्या अंगठ्याचं नख कित्येक वर्षं काळंच, आणि तळव्याची कातडी अशी की चुलीवरचं पातेलं ती फडक्याशिवाय उतरवते. पण तिला डोळे मिटायला सांगा आणि तळहातावर एक दगड ठेवा. ती तो दोनदा फिरवेल, अंगठ्याने एक कड चाचपेल आणि सांगेल, हा शेतातला, हा टेकडीवरचा, हा घळीतला. चुकलेली कोणी पाहिली नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती डोंगरापलीकडून लग्न करून इकडे आली. पाच महिने झाले नाहीत तोच तिचा नवरा मियो जर्मनीला बांधकामावर गेला. तो एकटाच नव्हे. त्या वर्षांत गावातून पुरुष असे गेले की रविवारच्या प्रार्थनेला त्यांची बाकं मोकळी राहायची. नाताळला यायचे, चॉकलेटं आणि नायलॉनचे शर्ट घेऊन, आणि जानेवारीचा पहिला आठवडा सरला की परत. मागे उरायची शेतं, मेंढ्या, म्हातारी माणसं आणि शेतांभोवतीचे दगडी गडगे.

गडगा कोणाच्या सुट्टीसाठी थांबत नाही. आमच्याकडे उत्तरेचा वारा सुटला की तीन-तीन दिवस पडत नाही. चुना नाही, माती नाही, दगडाला दगडाचा आधार. पायातला एक जरी ढिला झाला तरी गडगा आधी पोट काढतो आणि मग एका सकाळी मेंढ्या दुसऱ्याच्या कोबीत उभ्या दिसतात. मियोचे वडील शिमे, सगळ्यांचे दिदा म्हणजे आजोबा, हे पंचक्रोशीतले नावाजलेले गडगेवाले, पण त्यांची नजर तोवर गेली होती. ते एका पोत्यावर बसायचे. सून दगड आणायची, ते हाताने बघायचे.

"उचललास ना? आता खाली ठेवायचा नाही," ते म्हणायचे. "जागा शोध."

"आणि नाही सापडली तर?"

"तर उभी राहा घेऊन. जड झाला की बरोबर सापडते."

स्ताना उभी राहिली. दहा वर्षांत चर्चपासून विहिरीपर्यंतचा सगळा गडगा तिने नव्याने रचला, आणि आजही त्यातून वारा गेला तरी दगड हलत नाही. दिदा शिमेने तिला जे शेवटचं शिकवलं ते असं: टाकलेला दगड मिळेल तिथे पडतो, त्याच्याखाली पोकळी राहते, तळहाताने दाबला की तो बोलतो. बसवलेला दगड गप्प असतो. कारण कोणीतरी वाकून, वेळ काढून, त्याच्याखाली दुसरा दगड सारलेला असतो.

गावाच्या वरच्या टेकडीवर मोठी गोमिला आहे. गोमिला म्हणजे दगडांची रास, पण आमच्या तोंडी तो शब्द आला की मनात रास येत नाही, माणूस येतो. तीस पावलं रुंद, दोन पुरुष उंच, आणि तिच्या पोटात कोणीतरी झोपलेला आहे हे आम्हाला आईच्या दुधासोबत कळतं. कोणी म्हणतं राजा, कोणी म्हणतं बर्फात गोठलेली नवरी. स्ताना म्हणते, "राजा कशाला हवा? आपल्यातलाच कोणीतरी असेल. मेंढ्या राखणारा. चांगला असेल, म्हणून एवढे दगड वाहिले लोकांनी."

आणि आम्हीही वाहत आलो. एप्रिलअखेर संत मार्कोच्या दिवशी पाद्रीबाबा शेतांवर पवित्र पाणी शिंपडतात. त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या नांगराने वर काढलेला वर्षातला पहिला दगड टेकडीवर नेतं आणि गोमिलेवर टाकतं. आत झोपलेल्याची ही जमीन, त्याचा दगड त्याला परत. मग तो वर्षभर शेताला त्रास देत नाही. आजोबांनी केलं, पणजोबांनी केलं. पुरुष जर्मनीत असताना बायकांनी केलं, आणि बायकांत सगळ्यात जास्त स्तानाने. ज्या घरात कोणी उरलं नव्हतं त्या घरांचाही दगड ती न्यायची. शिवाय जाता-येता पाठीवरच्या टोपलीत जे असेल ते. कोणाचंही शेत साफ करताना निघालेला दगड दुसरीकडे फेकणं तिला अपमान वाटायचा.

मागच्या वर्षी एका कंपनीने टेकडीचा उतार द्राक्षमळ्यासाठी भाड्याने घेतला. आता आमच्याकडे एक यंत्र येतं, दातेरी लोखंडी रूळ असलेलं. ते खडकावरून फिरलं की खडकाची खडी होते आणि खडीत वेली लावतात. मळ्याला आमचा विरोध नव्हता. पण नकाशात गोमिलेवरूनही रेघ गेली होती. गावाने शहरातल्या वारसा कार्यालयात अर्ज केला. तिथून लिदिया नावाच्या बाई आल्या, चाळिशीच्या, बुटांवरून कामाच्या वाटणाऱ्या. दिवसभर फिरल्या, मोजलं, फोटो काढले. सप्टेंबरात कागद आला.

दुकानाबाहेरच्या बाकावर इलियाने तो मोठ्याने वाचला. इलियाने स्तानाच्या मुलाला बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं, तेव्हापासून तो तिला कुमा म्हणतो आणि ती त्याला कुमे, आणि तेव्हापासूनच दोघं एकमेकांना टोमणे मारतात.

"राशीतले दगड शेतातून वेचलेले आहेत," इलियाने वाचलं. "अनेकांवर नांगराच्या फाळाच्या खुणा आहेत. सबब, ही शेतसफाईची रास असून संरक्षणाची आवश्यकता नाही. हरकत असल्यास तीस दिवसांत." त्याने चष्मा कपाळावर चढवला. "ऐकलंस, कुमा? पन्नास वर्षं तू ज्याला दगड वाहिलेस तो उकिरडा निघाला."

आम्हाला वाटलं स्ताना चिडेल. तिने आपल्या हातांकडे पाहिलं.

"त्या बाईने खोटं काय लिहिलंय, कुमे?" ती म्हणाली. "दगड शेतातलेच आहेत. मीच नेलेत. आपणच त्याला एवढा मान दिला, एवढा मान दिला, की तो दिसेनासा झाला."

आमच्या लक्षातच आलं नव्हतं. बाहेरून कोणी काही बिघडवलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आमच्या भक्तीनेच त्या माणसाची कबर झाकली होती.

"ते शेवटचं परत वाच," स्ताना म्हणाली.

"शेतसफाईची रास."

"म्हणजे दगड कोणाचे?"

"शेतवाल्यांचे. तुझे, माझे."

"मग माझे मी परत घेते. आणि तुझेही घेते, तू काही वाकणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी तिने कागदावरच्या नंबरावर फोन केला आणि हेच लिदियाला सांगितलं. लिदिया त्याच संध्याकाळी गाडी घेऊन हजर झाल्या.

"गोस्पोजा स्ताना, असं करता येत नाही. खाली खरंच कबर असली तर एक दगड हलवणंही गुन्हा आहे."

"बाईसाहेब गोस्पोजा शहरात राहते. मी नुसती स्ताना. आणि खाली कबर नाही असं तूच लिहिलंयस."

लिदिया हसल्या, आणि त्या हसण्यापासून ती बाई आमची झाली. तिने वरिष्ठांशी बोलून अटी घातल्या: फक्त टाकलेले दगड, फक्त हातांनी, लोखंड लावायचं नाही, तिने स्वतः समोर बसायचं, आणि ती थांब म्हणाली की त्या क्षणी थांबायचं.

"तू थांब म्हणायच्या आत मी थांबलेली असेन," स्ताना म्हणाली.

हे सगळं ठरेपर्यंत मुदतीचे तेवीस दिवस उरले होते. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई रोज उजाडताना टेकडी चढायची. वरून एक दगड उचलायचा, उलटा करायचा, भोकांत लाल माती दिसली की बाजूला. फाळाचा ओरखडा दिसला की बाजूला. आणि बाजूला म्हणजे फेकायचा नाही. पायवाटेच्या कडेने तिने नवा गडगा धरला होता. प्रत्येक दगड तिथे जाऊन बसायचा. तिसऱ्या दिवसापासून गावातल्या म्हाताऱ्या बायका आल्या, कमरेला फडकी बांधून. त्या ओळीने उभ्या राहायच्या आणि दगड हातोहात खाली यायचा, स्तानापासून गडग्यापर्यंत. त्या ओळीत सत्तरीच्या आतली एकही नव्हती, आणि एकीनेही दगड जमिनीवर टेकवला नाही. चीज, पाव आणि पाणी घातलेली लाल वाइन यावर ते काम चाललं.

खाली रस्त्यावर कंपनीचं यंत्र येऊन उभं होतं. त्याचा चालक त्सिरिल, पलीकडच्या गावचा, दांडगा आणि बडबड्या. त्याला नुसतं बसून राहायचा कंटाळा यायचा, म्हणून थर्मासमध्ये कॉफी घेऊन वर यायचा आणि स्तानाला तेता, म्हणजे मावशी, म्हणायचा.

"तेता, या वेगाने पुढच्या ईस्टरला संपेल. माझं यंत्र हे पाऊण तासात करतं."

"म्हणून तर तुला खाली उभं केलंय."

"बरं, उचलू का एखादा?"

"हात दाखव." तिने त्याचे तळवे पाहिले. "स्टिअरिंग धरणारे आहेत. कॉफी ओत."

नवव्या दिवशी दुपारी स्तानाने एका दगडावर तळहात ठेवला आणि तो उचललाच नाही. पुन्हा दाबला. मग दुसरा हात ठेवला. ओळीतल्या बायका रिकाम्या हातांनी उभ्या.

"काय झालं?" लिदियाने विचारलं.

"हा गप्प आहे."

तिने त्याच्या बाजूचे चार बोलणारे दगड काढले. खाली एक मोठी पाटीसारखी शिळा होती, करडी, कोरडी, तिच्या अंगाला मातीचा लाल रंग कुठेच नव्हता. ती आतल्या बाजूला जराशी झुकवून बसवली होती, जसा आपण वजन आत घेणारा पायाचा दगड झुकवतो. तिच्या बुडाशी बरोब्बर मापाची एक छोटी चीप सारलेली होती. स्ताना त्या चिपेकडे बघत राहिली. कोणा माणसाने किती हजार वर्षांपूर्वी ती चीप हातात घेतली असेल, फिरवून पाहिली असेल, आणि जागा सापडेपर्यंत उभा राहिला असेल. लिदिया गुडघ्यांवर बसली होती आणि तिला थांब म्हणायची आठवणही उरली नव्हती.

त्या शिळेच्या खांद्याला दुसरी शिळा होती, तिच्या खांद्याला तिसरी. एकोणिसाव्या दिवसापर्यंत पायथ्याशी शिळांचं कडं मोकळं झालं. मधल्या राशीला स्तानाने हात लावला नव्हता. वरचं आमचं ओझं उतरलं तिथे खालचे दगड थराथराने आत वळत गेलेले दिसत होते, आणि टेकडीवर चढणारा प्रत्येक जण टोपी काढत होता, कोणी सांगितलं नसताना.

पण कडं पूर्ण नव्हतं. पूर्वेला तीन पावलांची फट होती. तिथे नुसता खडक.

लिदिया फटीत जाऊन उभी राहिली. "मला पटलंय," ती म्हणाली. "पण कंपनीही आपला तज्ज्ञ आणणार. तो म्हणेल, हा जुना मेंढ्यांचा वाडा. गोल भिंत आणि पूर्वेला दार. नंतर लोकांनी त्यात शेतातले दगड टाकले. माझ्याकडे उत्तर नाही. आत खोदून बघायला परवानगी हवी, आणि परवानगीला आधी संरक्षण हवं. चार दिवसांत काय होणार?"

"दारच दिसतंय हो," त्सिरिल हळूच म्हणाला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता. "आमच्या वाड्याचंही पूर्वेलाच आहे. उत्तरेचा वारा लागू नये म्हणून."

स्ताना एका दगडावर बसली. एवढ्या दिवसांत ती काम चालू असताना बसलेली आम्ही पहिल्यांदाच पाहिली.

"ते दार नाही," ती म्हणाली. "ते मी केलंय."

"अठ्ठ्याहत्तरचा फेब्रुवारी. वाऱ्याने वाड्याचा कोपरा पाडला. बेचाळीस मेंढ्या, त्यांतल्या निम्म्या गाभण, आणि बर्फ. मियो तिकडे, सासरे आंधळे. कोपऱ्याला धरतील असे दगड जवळपास नव्हते. इथे पायथ्याशी तीन मोठे उघडे दिसत होते. गाढव आणलं, वासा घातला, ओढत नेले. कोणाला सांगितलं नाही."

"कुमा, गप्प बस," इलिया दबक्या आवाजात म्हणाला. "ही सरकारी बाई आहे. लिहून घेईल."

"घेऊ दे. सगळं गाव माझ्या त्या कोपऱ्याचं कौतुक करतं. पाहुण्यांना नेऊन दाखवतं. दिदा शिमेने एकदाच त्यावर हात फिरवला. काही बोलले नाहीत. पण मरेपर्यंत पुन्हा त्या बाजूला बसले नाहीत." ती लिदियाकडे वळली. "लिही. स्ताना ग्रुबिशा, तीन दगड. आणि चल, दाखवते."

वाडा गावाच्या वरच्या अंगाला आहे. तो कोपरा म्हणजे खरोखर बघण्यासारखी गोष्ट. खाली तीन करड्या शिळा, वर निमुळता होत गेलेला गडगा, सुरीची धार शिरणार नाही असे सांधे. स्तानाने एकदा त्याच्यावरून हात फिरवला आणि मग वरचा पहिला दगड काढला. आम्ही पुढे झालो तर म्हणाली, "मी घातलाय, मीच उतरवते." दुपार गेली. आपल्या हाताचं सगळ्यात चांगलं काम ती दगड-दगड करून खाली आणत होती, आणि तिचा चेहरा असा होता की इलियानेही थट्टा केली नाही. शेवटच्या तीन शिळा मात्र तिच्याने हलणाऱ्या नव्हत्या.

"त्सिरिल," तिने हाक मारली. "आता दाखव तुझे हात."

त्सिरिल, इलियाचा जावई आणि आणखी दोघांनी शिळा उताण्या केल्या. एकीच्या बुडाला पांढरट चुनखडीचा थर जमलेला होता, आणि त्या थरात मुठीएवढा एक खळगा. लिदियाने तिन्ही बुडांवर कागद दाबून कडा उतरवून घेतल्या. मग आम्ही सगळे तिच्या मागोमाग टेकडीवर. तिने फटीतला खडक ब्रशने साफ केला. खडकात तीन उथळ बैठका होत्या, माणसाने ठोकून केलेल्या, आणि मधल्या बैठकीत मुठीएवढा उंचवटा. लिदियाने कागद त्यावर पसरला. उंचवटा खळग्याच्या खुणेत बसला. बाजूच्या दोन कागदांच्या कडाही जुळल्या.

"दार असतं तर इथे शिळा बसवायला खडक ठोकला नसता," लिदिया म्हणाली. "कडं बंद होतं. पूर्ण बंद. कोणाला आत जायचं नव्हतं, कोणाला बाहेर यायचं नव्हतं."

तिने तिथेच, मांडीवर वही ठेवून, सगळं लिहून काढलं. शिळा कोणी, कधी आणि कशासाठी नेल्या तेही. ते लिहिताना तिने एकदा वर पाहिलं.

"तुझं नाव घालू का नको? 'गावातील एका व्यक्तीने' असंही लिहिता येतं."

"माझं नाव स्वच्छ अक्षरात घाल," स्ताना म्हणाली. "ग्रुबिशा नीट लिही."

मुदतीच्या अठ्ठाविसाव्या दिवशी तात्पुरत्या संरक्षणाचा हुकूम आला. पुढच्या वर्षी शास्त्रीय उत्खनन, तोवर तिन्ही शिळा फळ्यांवर झाकून ठेवायच्या, आणि कडेपासून चारी बाजूंना पन्नास मीटर कोणतंही यंत्र न्यायचं नाही. गोमिलेवर आता कोणी दगडही टाकायचा नाही. पाद्रीबाबांनी त्यावर मार्ग काढला: संत मार्कोचे दगड यापुढे पायवाटेच्या नव्या गडग्यात जातील. हुकुमाच्या जोडपत्रात तिच्या नावासमोर लिहिलं आहे, 'तीन शिळा हलवल्या, स्वतः होऊन सांगितलं.' दुकानदाराने ते पान काच लावून भिंतीवर टांगलं. परगावचं कोणी आलं की आम्ही आधी ते वाचायला लावतो आणि मग वाइन देतो.

हद्दीच्या खुंट्या ठोकायचं काम कंपनीकडे होतं, म्हणजे त्सिरिलकडे. तो फीत आणि घण घेऊन आला. स्ताना आधीच वर उभी होती, पाठीवर हात बांधून. ती पुढे चालत होती, तो मागून ठोकत होता. पूर्वेच्या बाजूला ते आले तेव्हा त्याने फीत ताणून खुंटी टेकवली.

"इथे, तेता."

"अजून चार पावलं."

"पन्नास मीटर झाले की. हे बघ, फितीवर."

"कुठून मोजलेस?"

"दगड आहेत तिथून."

"दगड आहेत ते मागच्या ओळीचे. कड त्या तीन बैठकांच्या बाहेरच्या अंगाला आहे. दगड नसले म्हणून जागा गेली नाही."

त्सिरिलने मागे वळून फटीकडे पाहिलं, फितीकडे पाहिलं आणि स्तानाकडे पाहिलं. मग खुंटी उचलली, चार पावलं पुढे गेला, आणि ती मान हलवेपर्यंत घण वर धरून उभा राहिला.